एकच ॲप अडखळतं, बाकी सगळं सुरळीत: हा नेट न्यूट्रॅलिटीचा भंग आहे का, आणि तो दाखवायचा कसा?

तुम्ही विचारलंय की रात्री मोबाइल डेटावर एका ॲपचे व्हिडिओ सारखे गोल फिरत राहतात, पण सिमकार्ड कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर सगळं झटपट दिसतं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट आणि ॲपना सारखंच वागवायचं, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. मग तिच्या भंगाची तक्रार करता येईल का?

करता येईल, पण आधी तपासा. खऱ्या भंगापेक्षा भंगासारखं दिसणारंच जास्त असतं, आणि नुसत्या 'स्लो चालतंय' अशा तक्रारीला 'आमचं नेटवर्क सुरळीत आहे' एवढं एका ओळीचं उत्तर पुरतं.

आपल्याकडे नियम दोन ठिकाणी आहेत. पहिला दराचा: ट्राय या दूरसंचार नियामकाच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमानुसार कुठली साइट किंवा ॲप बघताय यावरून डेटाचे दर वेगळे लावता येत नाहीत. फेसबुकला भारतात 'फ्री बेसिक्स' (निवडक साइट फुकट दाखवणारी सेवा) गुंडाळावं लागलं ते यामुळेच. दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. दुसरा नियम वागणुकीचा: २०१८ साली दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींतच घातलं की कंपनीने कोणताही मजकूर अडवायचा नाही, त्याचा वेग कमी करायचा नाही आणि कुणाला झुकतं मापही द्यायचं नाही. तुमचा मुद्दा या दुसऱ्या नियमात बसतो.

रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, तो भंग नाही. तो सगळ्याच साइटना सारखा लागतो. रिचार्जवर ओटीटीचं सदस्यत्व फुकट मिळणं हाही भंग नाही, जोवर ते बघताना डेटा नेहमीसारखाच कापला जातो. सरकारच्या किंवा कोर्टाच्या आदेशाने बंद केलेली साइट हा वेगळाच विषय.

खरी गफलत होते ती सर्व्हरच्या अंतरामुळे. मोठ्या कंपन्या आपल्या व्हिडिओंच्या प्रती मोबाइल कंपनीच्या जाळ्यातच किंवा शेजारी ठेवतात. लहान ॲपचा व्हिडिओ मात्र दूरच्या सर्व्हरवरून, दोन कंपन्यांमधल्या जोडणीतून येतो. रात्री आठ ते अकरा ही जोडणी तुंबते आणि तेवढंच ॲप रखडतं. यात मुद्दाम कुणी वेग कमी केलेला नसतो. म्हणूनच 'व्हीपीएन लावल्यावर वेग वाढला' हा पुरावा एकट्याने पुरत नाही: व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा मधल्या एका सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, तिच्यामुळे रस्ताच बदलतो, आणि कदाचित तुंबलेली जोडणी टळते.

कंपनी मुद्दाम वेग कमी करते तेव्हा तिला आधी ओळखावं लागतं की हा डेटा कुठल्या ॲपचा. एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीमुळे मजकूर बंद पाकिटात असतो, पण जोडणी सुरू होताना फोन सर्व्हरचं नाव बहुतेक वेळा उघड्यावर सांगतो. त्या खान्याला एसएनआय म्हणतात. म्हणजे पाकीट बंद, पत्ता वर लिहिलेला. कंपनीचं यंत्र तो पत्ता वाचून वेगाला गाळणी लावू शकतं.

चाचणी याच ठिकाणी करायची. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात तयार झालेलं 'वेहे' नावाचं ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. ते एखाद्या ॲपची नोंदवून ठेवलेली वाहतूक (डेटाची ये-जा) एकाच सर्व्हरवरून दोनदा चालवतं: एकदा जशीच्या तशी, एकदा ओळख पटणार नाही अशी बदलून. सर्व्हर एकच, फोन तोच. तरी ओळखू येणारी वाहतूकच हळू झाली, तर संशयाला जागा आहे. ज्या ॲपची नोंद त्यात आहे त्याचीच चाचणी होते, हे लक्षात ठेवा.

वायफाय, व्हीपीएन, फोनचा डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर बंद करा. एकदा करून थांबू नका: तीन-चार दिवस, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. एकाच वेळेचा निकाल टॉवरवरच्या गर्दीनेही वाकडा येतो. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, ४जी की ५जी आणि ठिकाण लिहून ठेवा. शक्य असेल तर त्याच जागी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही करा. चाचणीत डेटा खर्च होतो, तेव्हा कोटा शिल्लक असतानाच करा.

मग १९८ वर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. 'नेट स्लो' म्हणू नका. 'अमुक ॲपची वाहतूक ओळखून वेग कमी केला जातोय, परवान्याच्या अटींचा भंग आहे' असं म्हणा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, फी नाही. त्यानंतर दूरसंचार विभागाचा जनतक्रार कक्ष. ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही, पण 'फक्त अमुक ॲपसाठी स्वस्त डेटा' अशी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट ट्रायला जरूर पाठवा.

ग्राहकाने हे एवढं का करायचं? कारण मोजणारं दुसरं कुणी नाही असं समजूनच चाललं पाहिजे. वाहतूक व्यवस्थापनावर लक्ष ठेवायला अनेक घटकांची मिळून एक संस्था हवी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. ती कागदावर राहू नये, यासाठी मोजमापांचा दाब लागतो.

आणि दुसरीकडून मागणी येतेच आहे: मोठ्या ॲपनी दूरसंचार कंपन्यांना जाळ्याच्या खर्चाचा 'वाटा' द्यावा. माझा याला ठाम विरोध आहे. ग्राहक त्या डेटाचे पैसे रिचार्जमध्ये आधीच भरतो. दक्षिण कोरियात २०१६ पासून जाळ्यांमध्ये 'पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे' ही पद्धत आली. पुढे ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओ सेवेने तिथे २०२२ मध्ये व्हिडिओचा दर्जा ७२०पीपर्यंत खाली आणला आणि २७ फेब्रुवारी २०२४ ला नेटवर्कच्या खर्चाचं कारण देऊन सेवाच बंद केली. ट्विचमागे ॲमेझॉन होतं. पुण्यात चार जणांनी काढलेल्या मराठी व्हिडिओच्या ॲपमागे कोण असेल?

ट्रायचा पुढचा सल्लामसलत कागद (लोकांची मतं मागवणारी प्रश्नावली) आला की उत्तर पाठवा, पण तयार मसुदा चिकटवू नका. फ्री बेसिक्सच्या बाजूने लाखो साचेबंद इमेल गेले होते, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत असं ट्रायने स्पष्ट सांगितलं होतं. प्रश्नाचा क्रमांक टाका, त्याखाली तुमचं म्हणणं चार ओळींत लिहा, आणि वरच्या चाचणीचे आकडे जोडा.