बाबा इनहेलर नियमित घेतात की नाही, हे कसं ओळखायचं?

बाबांना सीओपीडी (श्वास अडखळवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, विचारलं की ‘घेतो रे रोज’ म्हणतात, पण खात्री वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नुसतं विचारून काही हाती लागत नाही. डॉक्टरांनाही पेशंट तेच सांगतात.

घरच्या घरी हिशेब सोपा आहे. १२० डोसचा पंप, सकाळी दोन आणि रात्री दोन पफ, म्हणजे बरोबर ३० दिवस. महिना उलटला तरी पंपावरच्या काउंटरवर ५० डोस शिल्लक दिसत असतील तर समजून जा. रोटाकॅप (श्वासातून ओढायच्या पावडरची कॅप्सूल) असेल तर डबीतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजा.

पण आकडाही फसवतो. अमेरिकेतल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त पंपाला प्रत्येक दाबण्याची वेळ टिपणारं यंत्र जोडलं होतं. ज्यांना याची कल्पना नव्हती अशा १०१ जणांपैकी ३० जणांनी तीन तासांत शंभराहून जास्त वेळा पंप दाबून तो रिकामा केला! माहिती दिलेल्या १३५ जणांत असा एकच निघाला. म्हणून गुपचूप पाळत ठेवू नका, बाबांना सांगूनच मोजा.

शिवाय पंप दाबला म्हणजे औषध छातीत गेलंच असं नाही. आयर्लंडमध्ये तर इनहेलर उघडल्याचा आणि श्वास ओढल्याचा आवाज टिपणारं उपकरण वापरून पाहिलंय. तुम्ही पुढच्या भेटीला इनहेलर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोरच त्यांना तो घ्यायला लावा. रोटाकॅप घेताना कॅप्सूलमध्ये पावडर उरली, तर ओढ कमी पडतेय.