बिनशंखाच्या गोगलगायींचा गट वेगळा असतो का? त्यांचा शंख कुठे जातो?

वेगळा असा एक गट नाही. शंखवाल्या गोगलगायींच्या निरनिराळ्या कुळांत शंख लहान होत जाण्याचा प्रकार स्वतंत्रपणे, अनेकदा घडलाय. त्यामुळे दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या एकमेकींच्या जवळच्या नातलग नाहीत.

शंख बहुधा पूर्ण जातही नाही. डोक्यामागे पाठीवर खोगिरासारखा जाड पट्टा दिसतो, ते प्रावरण. लिमॅक्स नावाच्या बिनशंखी गोगलगायींमध्ये त्याखाली शंखाची चपटी चकती उरलेली असते, एरिऑन नावाच्या दुसऱ्या गटात नुसते चुन्याचे कण.

ओळखायचं असेल तर रंगावर जाऊ नका, एकाच जातीत तो वाट्टेल तसा बदलतो. प्रावरणाच्या उजव्या कडेला उघडझाप करणारं भोक शोधा. ते श्वसनछिद्र. प्रावरणाच्या मध्याच्या पुढे असेल तर बहुधा एरिऑन, मागे असेल तर लिमॅक्सच्या बाजूची. लिमॅक्सच्या शेपटीकडे पाठीवर धारदार कंगोराही असतो.

व्हेरोनिसेलिडी कुळाची मात्र तऱ्हाच न्यारी: प्रावरण अख्ख्या पाठीवर, आत शंखाचा मागमूस नाही आणि गुदद्वार थेट मागच्या टोकाला. बाकीच्यांचं ते श्वसनछिद्राजवळच असतं!