ॲपला पोस्टग्रेस डेटाबेस जोडताना आधी एवढंच बघा

घाबरू नका, 'कनेक्शन रिफ्यूज्ड' (जोडणी नाकारली) ही एरर सुरुवातीला सगळ्यांनाच दिसतं. त्याचा अर्थ पासवर्ड चुकला असा नाही. बहुतेकदा तुम्ही दिलेल्या पत्त्यावर, त्या पोर्टवर डेटाबेस सर्व्हरच सापडलेला नसतो. तो चालू आहे का आणि पोर्ट ५४३२च आहे का, ते तपासा. ॲप डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये, चालत असेल तर 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुमचा लॅपटॉप नव्हे! डॉकर कंपोझमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय) होस्टच्या जागी डेटाबेस सर्व्हिसचं नाव द्या. नवखे सर्वात जास्त इथेच अडकतात.

मग या दोन गोष्टी:

- पासवर्ड कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) ठेवा. ते .env फाइलमध्ये लिहिलं असेल तर ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नका.
- प्रत्येक क्वेरीला नवं कनेक्शन उघडू नका, कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) वापरा. पण पूल मोठा म्हणजे ॲप वेगवान, हा भ्रम आहे. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची. ॲपच्या चार प्रतींनी प्रत्येकी ३० मागितली की संपलं. प्रत्येक प्रतीला सध्या १० पुरेत. आणि एरर आली तरी घेतलेलं कनेक्शन पूलला परत गेलंच पाहिजे.

रेप्लिका (डेटाबेसची जुळी प्रत), पीजीबाउन्सर (वेगळा पूल सांभाळणारं साधन) वगैरे तूर्तास विसरा. अडलात तर पूर्ण एरर टाका, पासवर्ड तेवढा झाकून.