आकडा लिही

पोरा,

रविवारी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ चहा पिताना म्हणालास, "काका, हे काम माझ्या हातातच नाही." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. सहा शाफ्ट रिजेक्ट झाले, सुपरवायझरनं कानडीत झापलं. झापू दे गा. पण किती मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या किती हजाराव्या भागानं गेले, विचारलं तर तुला सांगता येईना. माझा पारा तिथं चढला.

आकडा लिही. चूक झाली की त्याच पाळीत, हात धुवायला जाण्याआधी. मराठीत लिही, कानडीत लिही, आकडा खरा पाहिजे.

तुझा शाफ्ट ८० मिलिमीटरचा. मापाला सूट वर शून्य, खाली उणे १९ मायक्रॉन. लॉट घाईचा, पीस मशीनवरून उतरला की लगेच मायक्रोमीटर लावत होतास. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. पीस २५ अंशांनी गरम असला तर ८० मिलिमीटरला २३ मायक्रॉन झाले, आणि तुला सूट आहे १९ची! गरम असताना बरोबर ८० दाखवणारा पीस तपासणीच्या खोलीत २० अंशांवर आला की बारीक. यात हाताचा काय संबंध?

ट्रेनिंगवाल्यानं ग्रोथ माइंडसेटची, म्हणजे कुवत वाढवता येते या विचाराची, स्लाइड दाखवली म्हणालास. ज्यांनी ते मांडलं त्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेकबाई नुसती मेहनत करा म्हणत नाहीत. जमत नसेल तर रीत बदला, दुसऱ्याला विचारा, असंही सांगतात. ते स्लाइडवर नसणार. आणि कुठली रीत बदलायची हे कळायला आकडा लागतो.

हे शहाणपण मला महागात पडलं. १९९१ साली बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर होतो. चौदा शाफ्ट गेले. मालकानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि खानापूरकडच्या हेल्पर पोरावर ते ढकललं गेलं. आठवड्यात त्याला काढलं. मी खोटं बोललो नव्हतो. बहिणीचं लग्न ठरलेलं, पगार तुटला असता तर... असो. तूही त्या जागी गप्पच बसला असतास. बसला असतास ना?

सगळं झाकलं, म्हणून कारणही झाकलंच राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात तसेच अकरा गेले. या खेपेला ढकलायला कोणी नव्हतं. रात्री एक पीस कपाटात ठेवला, सकाळी मोजला, तेव्हा डोळे उघडले. माझी आकड्यांची वही त्या दिवसापासूनची. त्या पोराला शोधायला पुढं एकदा खानापूरला गेलो होतो. घर सापडलं, तो गोव्याला गेलेला.

तर ते सहा पीस अजून लाल पेटीत असतील, भंगारात जायच्या आत गाठ. रात्रभर थंड झालेत, आता मोज, एकेक लिही. सहाही जवळपास सारखेच बारीक असतील तर एक तर गरमी, किंवा ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेलं टूलचं माप, चुकला. एक इकडे एक तिकडे असेल तर काहीतरी ढिलं आहे, पीस धरणारा चक आधी बघ. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजला म्हणू नकोस. त्यानं व्यास वाढतो, कमी होत नाही.

रविवारी वही घेऊन ये. माझा मायक्रोमीटर नेलायस दिवाळीपासून, तोही आण.

तुझा काका