फायबर नेटवर्कच्या नकाशासाठी सॉफ्टवेअर: आधी जॉइंट उघडून बघा

विट्याच्या एका सदस्याने विचारलंय: खानापूर-कडेगाव भागातल्या आपल्या इंटरनेटच्या फायबर केबलची नोंद सध्या थोडी गूगल अर्थवर, थोडी जॉइंटरच्या (केबल जोडणाऱ्याच्या) वहीत आहे, ती एका जागी आणायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

डेमोत नकाशा छानच दिसतो. तुम्ही त्यातला जॉइंट, म्हणजे केबल एकमेकींना जोडल्याची जागा, उघडून दाखवायला सांगा. गूगल अर्थमधली रेघ केबल कुठून गेली एवढंच सांगते. रात्री लाइन तुटल्यावर हवं असतं ते वेगळंच: या जॉइंटमध्ये केबलच्या आतल्या निळ्या ट्यूबमधला नारिंगी कोर (काचेचा एक धागा) पुढे कशाला जोडलाय, तो कुठल्या स्प्लिटरवर (एका कोरचा प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या भागावर) जातो आणि त्यावर कुठली घरं आहेत. कोर ते कोर नोंद होत नसेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. रंगांचा क्रमही बदलता आला पाहिजे. सगळ्या केबल एकाच क्रमाच्या नसतात.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि इथे बहुतेक नकाशे फसतात. ओटीडीआर (फायबर किती अंतरावर तुटलंय ते दाखवणारं यंत्र) काचेची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. वाटेत सहा पोलांवर वीस-वीस मीटरचे लूप (जादा केबलच्या गुंडाळ्या) असतील, तर ओटीडीआरने दाखवलेली 2,400 मीटरवरची तुटलेली जागा नकाशावर 2,280 मीटरपाशी येते. केबलचा झोल आणि ट्यूबमधला फायबरचा पीळ धरला तर आणखी अलीकडे. गळीत हंगामात उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरची केबल ओढतात, तेव्हा एवढ्या फरकापायी पोरं भलत्याच पोलावर शिडी लावतात. म्हणून प्रत्येक लूपची लांबी भरायची सोय हवीच. जॉइंटमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना केबलवर छापलेला मीटरचा आकडाही टिपायला लावा. फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, छापलेला आकडा हलत नाही.

तुमच्या आकाराच्या जाळ्यासाठी मी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर सुचवीन. ते मोफत आहे. सोबत मोबाइलवर क्यूफील्ड हे त्याच्या जोडीचं ॲप घेतलं की रेंज नसलेल्या ठिकाणीही जॉइंटर पोलाखाली उभा राहून नोंद करतो. मात्र कोर जोडणीचा तक्ता त्यात तयार मिळत नाही. जॉइंटच्या लेयरला (नकाशावरच्या थराला) जोडलेला वेगळा टेबल आपणच करायचा. जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) येणारा एखादा मुलगा हाताशी हवा. एकाच वेळी दोघं-तिघं बदल करणार असतील, तर डेटा पोस्टजीआयएस या नकाशाच्या डेटाबेसमध्ये ठेवा. नेटबॉक्स चांगलं आहे, पण ते ऑफिसातल्या रॅक आणि पोर्टसाठी; पोलावरच्या केबलचं काम त्यावर ढकलू नका.

व्हेट्रो, ओएसपीइनसाइट, थ्री-जीआयएस, आयक्यूजिओ ही याच कामासाठी बनवलेली सॉफ्टवेअरं. जीआयएसचं माणूस नसेल तर असलं तयार घेणंच बरं. कनेक्शन वाढली की दर कसा वाढतो, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

पैसे देण्याआधी तुमचाच एक पॉन पोर्ट (ओएलटी या ऑफिसातल्या मुख्य यंत्राचं एक तोंड, ज्यावर बरीच घरं चालतात) सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून भरून घ्या. त्यातलं शेवटचं घर निवडा आणि तिथपासून ओएलटीपर्यंतचा प्रत्येक जॉइंट, स्प्लिटर आणि कोर दाखवायला सांगा. मग सगळा डेटा बाहेर काढून मागा. केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडणारी फाइल) मिळेलच, पण त्यात बहुतेकदा नुसत्या रेघा असतात. जोडण्यांचा तक्ता एक्सेलमध्ये उघडतो का ते तपासा. तो देत नसतील, तर तुमची माहिती त्यांच्याकडे अडकणार. त्यापेक्षा सध्याची वही बरी.