वारसा यादी आणि उमेदवाराचे आश्वासन

प्रश्न : आम्ही गिरगावातील एका वाडीत, १९४० पूर्वीच्या चाळीत, पागडीने राहतो. आमची वाडी वारसा यादीत श्रेणी ३ मध्ये आहे. महापालिका निवडणुकीला उभे असलेले एक उमेदवार परवा येऊन म्हणाले, ‘मला निवडून द्या, वर्षभरात वाडीचे नाव यादीतून काढतो, मग पुनर्विकास मार्गी लागेल.’ शेजारच्या काही कुटुंबांना हे मुळीच मान्य नाही. उमेदवारांचे म्हणणे कितपत खरे धरावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : मुंबईची वारसा नियमावली राज्य शासनाने एप्रिल १९९५ मध्ये लागू केली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास नियंत्रण नियमावलीत तो ६७वा नियम होता. २०३४ पर्यंतच्या नव्या नियमावलीत तोच ५२वा आहे. यादीत भर घालणे, वास्तू वगळणे किंवा तिची श्रेणी बदलणे हा निर्णय शासनाचा असून त्यापूर्वी जनतेच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. नगरसेवक मागणी लावून धरू शकतो, मंत्रालयात खेटे घालू शकतो. पण ‘काढतो’ हे क्रियापद त्याच्या तोंडी शोभत नाही. असे आश्वासन आमदारकीच्या उमेदवाराने दिले असते, तर निदान ते योग्य दारापर्यंत तरी पोहोचले असते.

यादीला होणारा विरोध मात्र निव्वळ निवडणुकीपुरता नाही, हे मान्य करायला हवे. २०१२ मध्ये यादीत घालण्यासाठी नवी नावे प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातील रहिवाशांनीही पुनर्विकास अडेल या भीतीने जोरदार विरोध केला होता. स्वतः नव्या इमारतीत राहून इतरांना जुने जिने जपण्याचा उपदेश करणाऱ्यांनी ही भीती हसण्यावारी नेऊ नये.

तरीही आपल्या चाळीच्या दुरवस्थेचे खापर यादीवर फोडणे मला पटत नाही. श्रेणी १ मधील वास्तूंना हात लावणे जवळजवळ वर्ज्य असते. श्रेणी ३ मध्ये मात्र आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर यांना १९९५ च्या नियमानेच सर्वसाधारणपणे वाव ठेवला होता. शिवाय वारसा समितीचे काम सल्ला देण्याचे असून, अपवादात्मक प्रसंगी लेखी कारणे नोंदवून तिची शिफारस बाजूला ठेवण्याची मुभा त्याच नियमाने महापालिका आयुक्तांना दिली होती. चाळी खचल्या त्या आधीच. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या आसपास गोठवली, त्या उत्पन्नात छप्पर शाकारणे मालकाला परवडेना, आणि अखेर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले, जे आज म्हाडाच्या अखत्यारीत आहे. यादी आली तेव्हा हे दुखणे जवळजवळ अर्धशतकाचे झाले होते.

नियमात खरी त्रुटी आहे ती निराळ्याच ठिकाणी. वारसा निर्बंधांमुळे ज्याला अनुज्ञेय चटईक्षेत्र, म्हणजे जागेवर जेवढ्या बांधकामाला परवानगी आहे तेवढे, वापरता येत नाही, त्या मालकाला अथवा भाडेपट्टाधारकाला त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे ते बांधकाम दुसरीकडे करण्याचा विकता येणारा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. तो विकून पैसा उभा राहतो. पण पागडीच्या भाडेकरूच्या हाती त्यातून थेट काहीच पडत नाही, आणि गळके छप्पर तर त्याच्याच डोक्यावर असते. म्हणून उमेदवारांना आधी हे विचारावे, की हा पैसा प्रथम त्याच वास्तूच्या दुरुस्तीला लागावा यासाठी ते शासनाकडे काय मागणार आहेत. वारसा वास्तूंच्या दुरुस्तीसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद मागणार का, सूचीतील घरांना मालमत्ता करात सवलतीचा प्रस्ताव मांडणार का, हेही विचारावे. हे विषय नगरसेवकाच्या आवाक्यातले आहेत. पुनर्विकासाचे चित्र त्यांनी रंगवलेच असेल, तर इमारत उभी राहीपर्यंत आपण कुठे राहणार आणि संक्रमण शिबिरातून परतण्याची हमी कोण देणार, याचे उत्तरही मागावे, कारण शिबिरांत पिढी काढलेली कुटुंबे गिरगावकरांना सांगायला नकोत.

राहता राहिले शेजारी. उद्या खरोखरच नाव वगळण्याची जाहीर सूचना निघाली, तर त्यांच्या विरोधाची आणि आपल्या पाठिंब्याची दखल सारखीच घ्यावी लागेल, मात्र ती मुदतीत लेखी दिलेली असली पाहिजे. वाडीच्या नावाने एकच अर्ज न करता प्रत्येक कुटुंबाने आपला स्वतंत्र अर्ज द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी.