वयात येण्याची वाट नाकातून

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. उंची चांगली आहे, पण मिसरूड नाही, आवाजही फुटलेला नाही. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून त्याला कॉफी आणि लवंग हुंगायला दिली. कशाचाच वास आला नाही. लहानपणापासून तसंच आहे, आम्ही सर्दीची प्रकृती म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी 'कालमन सिंड्रोम'ची शंका लिहून एमआरआय सांगितला आहे. नाकाचा आणि वयात येण्याचा काय संबंध? घरचे म्हणतात, मुलगा बुजरा आहे, लग्न लावून दिलं की सुधारेल. माझ्या भावालाही वास येत नाही. तो ४६ वर्षांचा आहे, त्याने लग्न केलं नाही.
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी लग्नाचं बोलते. तो विचार तूर्त बाजूला ठेवा आणि घरच्यांनाही हे उत्तर वाचायला द्या. लग्नाने ही गोष्ट सुधारत नाही, औषधाने सुधारते. तुमच्या डॉक्टरांनी कॉफी-लवंग पुढे केली याचा मला फार आनंद झाला. माझ्याकडे असे तरुण पंचविशी उलटल्यावर येतात, काही तर लग्न मोडल्यावर. 'तुला वास येतो का?' हे तोवर त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

आता नाकाचा संबंध. वास न येणं आणि वयात न येणं हे दोन्ही एकत्र असलं की त्याला कालमन सिंड्रोम म्हणतात. वयात येण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतो. तिथल्या मोजक्या पेशी, माणसात जेमतेम हजार-दोन हजार, जीएनआरएच नावाचं हॉर्मोन ठरावीक अंतराने थोडं थोडं सोडतात. त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि पिट्युटरीमुळे वृषणं जागी होऊन टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन बनवू लागतात.

या पेशी मेंदूत जन्मतच नाहीत! न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले डोनाल्ड फाफ हॉर्मोन मेंदूत कुठे पोहोचतं आणि त्यातून वागणं कसं घडतं याचा वर्षानुवर्षं शोध घेत होते. १९८९ मध्ये त्यांनी आणि मार्लिन श्वान्झेल-फुकुदा यांनी उंदरांच्या गर्भाचे पातळ काप घेऊन या पेशी रंगवून पाहिल्या. सुरुवातीच्या दिवसांत त्या होत्या नाकात. पुढच्या दिवसांच्या गर्भात त्या नाकाच्या पडद्यावरून, वासाच्या मज्जातंतूंचा आधार धरून, वर मेंदूकडे सरकताना दिसल्या. त्याच वर्षी त्यांनी कालमन सिंड्रोम असलेला, १९ आठवड्यांचा मानवी गर्भ तपासला. पेशी तयार झाल्या होत्या, नाकातून निघाल्याही होत्या. पण मेंदूच्या खाली, त्याच्या आवरणापाशी अडकून पडल्या होत्या. मेंदूत एकही नव्हती. इतकी वर्षं हा विषय शिकवूनही त्या कापांची आठवण झाली की मी थबकते.

वास न येणं आणि वयात न येणं या दोन तक्रारी एकत्र असतात, हे स्पेनमध्ये १८५६ पासून नोंदलेलं होतं. १९४४ मध्ये फ्रान्झ कालमन यांनी हा आजार घराण्यात चालत येतो हे दाखवलं. कारण मात्र त्या गर्भातल्या अडलेल्या वाटेने कळलं. १९९१ मध्ये एक्स गुणसूत्रावरचं एक जनुकही सापडलं. ते बिघडलं की वासाचे तंतू मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाहीत, मग त्यांना धरून येणाऱ्या पेशींनाही वाट उरत नाही. (सगळ्याच रुग्णांत हेच जनुक असतं असं नाही.) फाफ यांनी पुढे हे आवर्जून मांडलं : एका जनुकापासून माणसाच्या लैंगिक इच्छेपर्यंतची साखळी इथे कडीकडीने दाखवता येते. म्हणून ताई, मुलाला मुलींबद्दल ओढ वाटत नसेल तर त्याला बुजरा म्हणू नका. ती ओढ जागवणारं टेस्टोस्टेरॉन त्याच्या रक्तात अजून पोहोचलेलंच नसणार.

उंचीचंही तेच. या हॉर्मोनशिवाय हाडांची टोकं वेळेवर जुळत नाहीत, हातपाय लांबत राहतात. उंची बघून घरचे निर्धास्त राहतात, आणि आत हाडं ठिसूळ होत जातात.

एमआरआय करून घ्याच. सकाळच्या रक्तात एलएच, एफएसएच (ही पिट्युटरीची हॉर्मोनं) आणि टेस्टोस्टेरॉन तपासा, आणि पोटाची सोनोग्राफीही करा. या आजाराच्या एका प्रकारात कधीकधी एकच मूत्रपिंड असतं. निदान पक्कं झालं की टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कमी मात्रेपासून सुरू होतात. दाढी-मिशी, आवाज, ताकद, इच्छा, सगळं हळूहळू येतं. पुढे मूल हवं असेल तेव्हा ही इंजेक्शनं थांबवून वेगळी देतात. त्यांनी अनेकजण बाप झाले आहेत. वास मात्र येणार नाही. घरात गॅसगळतीचा अलार्म बसवा, आणि शिळं अन्न दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगायची सवय त्याला लावा.

भावाबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण माझी नजर तिथेच अडली. मामा आणि भाचा, मध्ये आई : एक्स गुणसूत्रावरचा दोष असाच चालतो. यात तुमची काहीच चूक नाही, पण बहिणीला मुलगे असतील तर त्यांनाही वास येतो का ते विचारा. पुढच्या भेटीला भावालाही सोबत न्या आणि त्यांची डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. ४६ व्या वर्षीही उपचार सुरू करता येतात.